झाकण ठेवून की उलटून

विश्रामबाग, सांगली
६ मे २०२४

चि. ज्ञानदा,

आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. ऊन फार आहे. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. उद्या तुला मतदानाची ड्यूटी आहे असं अबोलीकडून कळलं. पाण्याची बाटली बरोबर ठेव, केंद्रावर सोय असेलच असं नाही.

काल तुझा फोन आला तेव्हा आईने तो स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे मला विचारायचं होतं ते राहून गेलं. फोनवर मला तसंही सुचत नाही. म्हणून लिहायला घेतलं.

अबोलीची तब्येत चांगली आहे, पण ती जेवत नाही. ताटात चिवडत बसते आणि 'पोट भरलं' म्हणते. रात्री झोपताना 'आईकडे कधी जायचं?' असं विचारते. आई ते ऐकते आणि नंतर ओट्यावर भांडी जरा जोरात ठेवते. पुष्कर होता तेव्हा तोच आपल्या लेकीला घेऊन यायचा आणि ती दिवसभर त्याच्या मागे असायची. तो गेल्यापासून ती आमच्याकडे एकटी राहायला आली आहे ती पहिल्यांदाच. या खेपेला ती कंटाळून लवकर परत गेली, तर पुढच्या सुट्टीत ती कशाला येईल? आम्ही दोघं हे एकमेकांशी बोललेलो नाही, पण दोघांच्याही डोक्यात तेच आहे.

काल तिला सरळ विचारलं, तुला काय खावंसं वाटतं? ती म्हणाली, ऑम्लेट. आईने लगेच डाळीचं पीठ भिजवलं, टोमॅटो चिरला आणि टोमॅटो ऑम्लेट करून समोर ठेवलं. अबोलीने ते उलटंपालटं करून पाहिलं.

"आजी, हे धिरडं आहे."

"अगं, यालाच ऑम्लेट म्हणतात. टोमॅटो ऑम्लेट."

"मग यात अंडं कुठंय?"

"या घरात अंडं गॅलरीत असतं," आई म्हणाली.

ते खरंच आहे. तुला आपली पद्धत माहीत आहे. आईने पुष्करला कधी अडवलं नाही, फक्त हद्द आखून दिली होती. गॅलरीत एका बर्नरची शेगडी, तिथेच खिळ्याला त्याचा तवा, तिथेच त्याची बशी. तो तिथून ओरडायचा, "आई, सीमेपलीकडे मीठ पाठव!" आणि आई मिठाची वाटी दारातून सरकवायची.

तर मी ठरवलं की ऑम्लेट आपणच करायचं. कोपऱ्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या चंद्राबाई गावरान अंडी ठेवतात. त्यांच्याकडे चार मागितली. त्यांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं.

"आवं अण्णा, तुमच्यात अंडी कवापासनं? आक्कास्नी ठावं हाय का?"

मी म्हटलं, नातीसाठी आहेत.

"आसं म्हना की. मग कोंबडीच घिऊन जावा. रोज रोज तोंड लपवत यायला नगं."

पुष्करचा तो बिडाचा लहान तवा दोन पावसाळे खिळ्यालाच होता. त्यावर गंज चढला होता. नोकरीत असताना कोयनानगरला धरणाच्या प्रयोगशाळेत आम्ही काँक्रीटच्या ठोकळ्यांचे साचे दर वेळी पॉलिश पेपरने घासून आतलं लोखंड उघडं करायचो, नाहीतर पुढचा ठोकळा चिकटतो. मी तेच केलं. गंज तर गेलाच, पण त्याखालचा काळा थरही सगळा काढला. तवा चांदीसारखा दिसायला लागला. आई गॅलरीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"चांगल्या तव्याचं काळं कुणी घासून काढतं का? आता सगळं चिकटेल," म्हणाली आणि आत गेली.

तसंच झालं. पहिली दोन अंडी तव्याला अशी धरून बसली की उलथण्याने खरवडून काढावी लागली. अबोलीने बशीतला तो चुरा पाहिला आणि बिस्किटं मागितली.

तो काळा थर म्हणजे इतक्या वर्षांचं तेल होतं हे मला नंतर कळलं. त्याला आता इलाज नाही. पुष्कर कसं करायचा ते तू जवळून पाहिलं आहेस. अंडी किती फेटायची, दूध घालायचा की नाही, गॅस मोठा की बारीक, कांदा कधी, एवढं मला सविस्तर कळव. नॉनस्टिक पॅन आणावा का तेही लिही. ती राहायला हवी असेल तर हे जमलं पाहिजे.

अण्णा


विश्रामबाग, सांगली
१२ मे २०२४

चि. ज्ञानदा,

अनेक आशीर्वाद. तू मोबाइलवर पाठवलेली कृती मी कागदावर उतरवून गॅलरीच्या भिंतीला लावली आहे. तिचा उपयोग झाला. आधी चांगली बातमी सांगतो. अबोली आता सकाळी उठल्या उठल्या गॅलरीत येऊन बसते आणि जेवतेही बरी. 'आईकडे कधी जायचं' हे तीन-चार दिवसांत ऐकलेलं नाही.

तव्याबद्दल सांगायचं तर तो पुन्हा तयार करावा लागला. तापवायचा, शेंगदाणा तेलाचा बोळा फिरवायचा, धूर निघेपर्यंत ठेवायचा, निवू द्यायचा, पुन्हा तेच. हे आईने सांगितलं, तेही आतूनच, दाराबाहेर पाऊल न टाकता. साबण लावायचा नाही, गरम असताना पुसून घ्यायचा, शेवटी तेलाचं बोट फिरवून ठेवायचा. आता तो तपकिरी झाला आहे. काळा व्हायला वेळ लागेल. नॉनस्टिक दुकानात जाऊन पाहिला. दुकानदार म्हणाला, रिकामा तापवू नका, लाकडी उलथणं वापरा, थर निघाला की फेकून द्या. जे पुढे फेकायचंच आहे ते आणावंसं वाटलं नाही.

अंडी बाहेर ठेवतो, फ्रिजमध्ये ठेवायला अजून परवानगी नाही. या उन्हात ती टिकत नाहीत. म्हणून फोडण्याआधी पाण्यात सोडून पाहतो. तळाला आडवं बसलं तर चांगलं, वर तरंगलं तर टाकून द्यायचं. अबोलीला हा खेळ आवडतो. आमच्या प्रयोगशाळेची शिस्त निदान इथे उपयोगी पडली.

पहिली चूक माझीच. मी ते धिरड्यासारखं केलं. मला तेवढंच माहीत आहे. कडा सुटेपर्यंत वाट पाहिली, बाजूने तेल सोडलं, वरचा ओलेपणा पूर्ण जाईपर्यंत थांबलो. अबोली एक घास बराच वेळ चावत राहिली.

"आजोबा, हे चपलेसारखं झालंय."

मग तुझं वाचून लक्षात आलं की वरचा भाग अजून ओला असतानाच गॅस बंद करायचा. बीड उष्णता धरून ठेवतं आणि अंडं बशीत जाईपर्यंत शिजत राहतं. डाळीचं पीठ असं करत नाही. तवा किती तापला ते पाण्याच्या थेंबावरून पाहतो. थेंब चुर्र करून लगेच गेला तर बरोबर. मोत्यासारखा नाचायला लागला तर जास्त तापलाय, थोडं थांबायचं. कांदा बारीक चिरून, मीठ अगदी शेवटी, कारण आधी घातलं तर कांद्याला पाणी सुटतं. मी अंडं खात नाही, त्यामुळे चव कशी झाली ते मला अबोलीच्या तोंडाकडे पाहूनच ठरवावं लागतं.

राहिलं उलटणं. पुष्कर तव्याचा दांडा धरून एका झटक्यात ऑम्लेट हवेत पलटायचा. परवा मीही तसं करायला गेलो. बिडाचा तवा जड, आणि माझ्या मनगटात आता तेवढी ताकद नाही. अर्धं तव्यावर राहिलं आणि अर्धं तुळशीच्या कुंडीत पडलं.

नेमकी त्याच वेळी आई बाहेर आली. अबोली म्हणाली, "आजी, तुळशीला पण नाश्ता!"

आई हसली. आवाज काढून हसली. दोन वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग मला कुंडीतली सगळी माती बदलायला लावली आणि स्वतः आंघोळ करून आली.

माती भरताना अबोली शेजारी बसली होती. म्हणाली, "आजोबा, तुम्ही उलटूच नका ना. झाकण ठेवा. मुकुलकाका रविवारी येतात तेव्हा तसंच करतात. वरून आपोआप शिजतं."

मी विचारलं, "झाकण कसलं?"

"काचेचं. आपलंच आहे, साताऱ्याच्या घरातलं." मग हळू आवाजात म्हणाली, "आजीला सांगू नका हं. आई म्हणाली, आजीला वाईट वाटेल. तुमचं काही म्हणाली नव्हती."

मी म्हटलं, बरं. चल, झाकण शोधू या.

मी तिला आणखी काही विचारलं नाही. मुलांच्या तोंडून गोष्टी काढून घेणं मला पटत नाही. तिला रागावू नकोस, ती ऑम्लेटबद्दलच बोलत होती. आईला मी काही सांगितलेलं नाही. तुला काही लिहायचं असेल तर लिही, नसेल तर या पत्राला फक्त स्वयंपाकाचं पत्र समज.

आमच्याकडे काचेचं झाकण नाही. मी स्टीलची ताटली ठेवून पाहिली. आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून सारखी उचलावी लागते, आणि उचलली की वाफेचं पाणी ऑम्लेटवर पडतं. गॅस अगदी बारीक ठेवला तर जमतं. उलटावं लागत नाही, हे माझ्या मनगटाच्या दृष्टीने चांगलंच आहे. अबोली म्हणते, असं केलं की मऊ होतं आणि बाबाचं कडेला कुरकुरीत असायचं. मी विचारलं, तुला कुठलं जास्त आवडतं? ती म्हणाली, "वेगवेगळं आहे ना ते."

या सुट्टीचा प्रश्न सुटला. ती २६ तारखेपर्यंत आनंदाने राहील. पुढच्या सुट्ट्यांचं मात्र मी मनात धरून चालत नाही. घर नवं झालं की सुट्टीचे बेतही नवे होतात. जगाची तशी रीत आहे. आम्ही त्याला तयार असायला हवं, असं मी स्वतःला सांगतो आहे.

अण्णा


विश्रामबाग, सांगली
२० मे २०२४

चि. ज्ञानदा,

तुला खूप खूप आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी मिळालं. चारच ओळी आहेत, पण लिहायला तुला बराच वेळ लागला असेल. मुकुल बँकेच्या तुझ्या शाखेत नाहीत, कराडच्या शाखेत आहेत, जुलैत नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरतं आहे, हे समजलं. 'अबोलीला सांगलीपासून मी तोडणार नाही, पण आता ती तिथे यावी असं तुम्हालाच वाटेल का?' असं तू शेवटी विचारलं आहेस. ती ओळ वाचून मी पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. ज्याची भीती आम्हाला वाटत होती तीच तुलाही वाटत असेल, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

उत्तर आधी देतो. हो. तिने यावं. दर सुट्टीत यावं.

आता बाकीचं.

आईपासून लपवून तुला उत्तर लिहिणं मला बरोबर वाटलं नाही. ती कुरडया वाळत घालून येऊन पंख्याखाली बसली होती, तेव्हा पत्र तिच्या हातात दिलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"मला माहीत आहे," म्हणाली.

"कधीपासून?"

"ती आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. वेणी घालताना म्हणाली, आजी, आईने मला सांगितलंय की मुकुलकाकांचं तुला सांगायचं नाही."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही तवा घासत होतात."

म्हणजे गेला आठवडाभर आम्ही दोघं एकाच घरात एकच गोष्ट एकमेकांपासून सांभाळत होतो, आणि अबोली दोघांकडेही निश्चिंत होती.

आईने मला सांगितलं ते तसंच लिहितो, कारण ते तुला कळायला हवं. तिला दोन दिवस राग आला होता. तुझा नव्हे. कुणाचा ते तिलाही सांगता आलं नाही. ती म्हणाली, "तो असता तर हे काहीच नसतं, एवढंच येत होतं मनात." नंतर म्हणाली, "चाळिशीसुद्धा गाठली नाही पोरीने. आपण अजून किती वर्षं आहोत? मग तिच्याकडे कोण बघणार?" एवढं बोलून ती कुरडया पालथ्या करायला गच्चीवर गेली.

मला राग आला का, हेही तू विचारलं आहेस. नाही आला. अबोलीने झाकणाचं सांगितलं तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं की त्या स्वयंपाकघरात, त्या शेगडीपुढे, आता दुसरं कुणी उभं राहतं. ते खरं आहे. आणि त्यात गैर काही नाही, हेही खरं आहे. पहिली गोष्ट लगेच कळली. दुसरी कळायला मला आठवडा गेला. त्या आठवड्यात मी रोज ऑम्लेट करत होतो. हाताला काम होतं ते बरं झालं.

आणखी एक सांगतो. गेल्या गुरुवारी मी उलटून केलेलं ऑम्लेट पहिल्यांदा नीट जमलं. झटक्याने नाही, दोन उलथणी लावून, पण अखंड उलटलं आणि कडा बरोबर कुरकुरीत झाल्या. अबोलीने अर्धं खाल्लं आणि शेजारच्या मुलांबरोबर खेळायला पळाली. उरलेलं मी खाल्लं. बहात्तराव्या वर्षी, पहिल्यांदा. पुष्कर दर वेळी म्हणायचा, "अण्णा, एक घास." मी दर वेळी 'नंतर' म्हणायचो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

अबोलीसमोर पुष्करचा विषय निघाला तर तुम्ही कुणी तो बदलू नये, एवढी एकच विनंती आहे. मुकुल यांनाही सांग. ती आमच्यासमोर जशी एका दमात 'बाबाचं कुरकुरीत, काकांचं मऊ' असं बोलते, तसंच तिने तुमच्या घरातही बोलावं. कुणाकडे काय सांगायचं नाही हे तिने लक्षात ठेवत बसू नये.

लग्नाला आम्ही येऊ. आईने पंचांग काढून पाहिलं. यंदा गुरू-शुक्राचा अस्त आहे, महिनाअखेरपर्यंत काय, जूनभर मुहूर्त नाही, त्यामुळे जुलै ठीक आहे असा तिने निर्णय दिला. मी म्हटलं, नोंदणीला मुहूर्त लागत नाही. ती म्हणाली, "कचेरीला लागत नसेल. मला लागतो."

मग तिने विचारलं, हिचं केळवण कोण करणार? तुझी आई असती तर प्रश्न नव्हता. भाऊ दुबईला. मी म्हटलं, ऑफिसातल्या मैत्रिणी करतील. "मैत्रिणी हॉटेलात नेतात, त्याला केळवण म्हणत नाहीत," आई म्हणाली. "आपण करायचं."

मी म्हटलं, सासरच्यांनी सुनेचं केळवण केलेलं मी तरी कुठे पाहिलं नाही.

"मग आता बघा."

तेव्हा २६ तारखेला, रविवारी, अबोलीला न्यायला तू एकटीने यायचं नाही, दोघांनी यायचं. दुपारी जेवायला या. आईने साडी आधीच आणून ठेवली आहे, रंग सांगू नका असा मला दम आहे. मुकुल यांच्यासाठी शर्टपीस आणायचं माझ्याकडे लागलं आहे. पाटावर दोघांना शेजारी बसवायचं, रांगोळी अबोली काढणार. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, असा बेत ठरला आहे. आईला एवढ्या पदार्थांची यादी तोंडाने म्हणताना मी खूप दिवसांनी ऐकलं.

मी सहज विचारलं, मग ताटात एक ऑम्लेट ठेवू का, मला आता येतं.

"केळवणाच्या ताटात अंडं? वेड लागलंय का तुम्हाला? ते दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि गॅलरीत."

म्हणजे रविवारी रात्री तुम्ही दोघांनी इथेच राहायचं आहे. सोमवारची रजा आत्ताच टाका. गाद्या उन्हात घातल्या आहेत. मुकुल यांना पाठीला कडक लागते की मऊ चालते, आणि जेवणात तिखट किती सोसतं, हे आईला आधी कळायला हवं आहे.

मुकुलरावांना आमचे आशीर्वाद सांग. अजून भेट नाही, तरी सांग.

तुझे
आई-अण्णा